दिसण्याचा हक्क : सौदी पडद्यावरच्या बायका आणि त्यांचा रंग

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांनी मला 'लोकप्रिय माध्यमं, स्त्री आणि वंश' असा भलामोठा विषय दिला आणि ब्राझीलचं उदाहरण घ्यावं असं सुचवलं. मी पेशानं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. समुद्रातल्या जीवाणूंवर काम करते. ब्राझीलला मी कधी गेले नाही. सौदी अरेबियात मात्र २०१० ते २०२१ अशी अकरा वर्षं राहिले, नोकरी केली, मुलीला वाढवलं, शेजारणींबरोबर टीव्ही पाहिला. म्हणून ब्राझीलकडून मी फक्त प्रश्न उसना घेते, उत्तर सौदीत शोधते.

प्रश्न असा. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली १८८८ मध्ये. आज तिथले निम्म्याहून जास्त लोक स्वतःला काळे किंवा मिश्रवर्णी म्हणवतात. पण १९८० च्या दशकात त्या देशातल्या लहान मुलांची लाडकी देवता होती शूशा : सोनेरी केस, निळे डोळे. १९७६ मध्ये 'एस्क्रावा इसाउरा' नावाची मालिका गाजली आणि पुढे जगभर दाखवली गेली. नायिका गुलाम होती, पण गोरी दिसणारी गुलाम; भूमिका केली लुसेलिया सांतोस या गोऱ्या नटीनं. आधुनिक काळातल्या कथानकाची नायिका काळी असावी हे तिथल्या सर्वांत बलाढ्य वाहिनीला सुचायला २००४ साल उजाडलं. ती नटी ताइस अराउजो. म्हणजे रस्त्यावर जे लोक दिसतात ते पडद्यावर दिसत नाहीत. मग पडद्यावर दिसण्याचा हक्क कोणाला, आणि जिला तो मिळतो ती त्याची किंमत काय मोजते?

हाच प्रश्न घेऊन आता सौदीत जाऊ. तिथे तो जास्त टोकदार होतो, कारण तिथे बराच काळ प्रश्न 'कोणती बाई दिसावी' एवढाच नव्हता. 'बाई दिसावी का' हाच होता.

कालपरवाची गुलामगिरी

सौदी अरेबियात गुलामगिरी बंद झाली १९६२ मध्ये. आपल्याकडे 'संगम'चं चित्रीकरण चाललं होतं त्या सुमारास. मी ज्या आजीबाईंना भेटले त्यांच्यापैकी काहींनी घरात गुलाम पाहिलेले होते. हे लोक मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आणलेले. त्याशिवाय शतकानुशतकं हजला आलेले आणि मक्का-जेद्दा भागात राहिलेले पश्चिम आफ्रिकेचे लोक आहेत. त्यांच्या आडनावांतच त्यांचा प्रवास आहे : हौसावी म्हणजे हौसा लोकांतला, फल्लाता म्हणजे फुलानी. त्याच मक्केत 'हिंदी' आणि 'देहलवी' आडनावाची सौदी घराणीही आहेत. म्हणजे आपलेही लोक त्या गर्दीत आहेत.

पण प्रतिष्ठा ज्या गोष्टीवर ठरते ती म्हणजे टोळी आणि वंशावळ. जिची वंशावळ सांगता येते ती घराणी वर, ज्यांची सांगता येत नाही ती खाली. लग्नं त्याप्रमाणे जुळतात. आपल्याला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. काळ्या माणसाला शिवी म्हणून 'अब्द' हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ गुलाम. गंमत अशी की 'अब्दुल्ला' या नावात तोच शब्द आहे : देवाचा दास. देवाच्या बाबतीत दास्य म्हणजे भूषण, माणसाच्या बाबतीत शिवी.

पुरुषांच्या बाबतीत या भिंतीला एक दार होतं : फुटबॉल. जेद्दात जन्मलेला माजेद अब्दुल्ला हा सौदीचा बहुधा सर्वांत लाडका खेळाडू. काळा. १९८४ आणि १९८८ चा आशियाई चषक जिंकणाऱ्या संघांत तो होता आणि १९९४ च्या विश्वचषकात कर्णधार होता. त्याला लोक 'वाळवंटातला पेले' म्हणत. बघा, ब्राझील आलंच! दुसरं दार धर्माचं. २००८ मध्ये शेख आदिल अल-कलबानी यांची मक्केच्या मोठ्या मशिदीत रमजानची नमाज पढवायला नेमणूक झाली. काळ्या इमामाची ती नेमणूक एवढी गाजली की अमेरिकी वृत्तपत्रांत त्यांच्यावर लेख आले. म्हणजे काळा पुरुष पायाच्या जोरावर किंवा कंठाच्या जोरावर राष्ट्राचा होऊ शकतो. काळ्या बाईचं काय?

लग्नघरातली राणी

काळ्या बाईलाही एक जागा होती, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली.

२०१३ मध्ये आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीचं लग्न रियाधला होतं. तिथे लग्नाचे हॉल दोन : पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. बायकांच्या हॉलमध्ये दारातच कॅमेऱ्याचे फोन काढून घेतले. आत गेल्यावर झगमगाट डोळ्यांत मावेना. रात्रीचे अकरा वाजून गेल्यावर गायिका आली. धिप्पाड, काळीभोर, अंगभर जरतारी झगा. तिच्याबरोबर डफ वाजवणाऱ्या पाच-सहा जणी, त्याही काळ्या. पहिली थाप पडली आणि पाचशे बायकांचा तो हॉल उठला. पहाटेपर्यंत तिनं त्यांना बसू दिलं नाही.

अशा गायिकांना तिकडे 'तग्गागा' म्हणतात, म्हणजे शब्दशः थाप मारणारी, वाजवणारी. रियाधमध्ये आणि एकूणच आखातात या व्यवसायात काळ्या बायकांचं प्रमाण फार मोठं आहे. नावाजलेल्या गायिकेची तारीख आधी मिळवायची आणि मग लग्नाची तारीख ठरवायची, अशी घरं आहेत. पैसा भरपूर. पण भिंतीवर फोटो नाही, कॅसेटवर चेहरा नाही, टीव्ही नाही. दुसऱ्या दिवशी मी नवरीच्या बहिणीला विचारलं, "एवढी आवडते ना ती तुम्हाला? मग तुमच्या घरातली एखादी मुलगी गायिका झाली तर?" ती मनापासून हसली. म्हणाली, "डॉक्टर, ते काम त्यांचं."

"ते काम त्यांचं." या तीन शब्दांत सगळं समाजशास्त्र आलं. खानदानी बाईनं चारचौघांत गायचं नाही, कारण तिच्याबरोबर टोळीची अब्रू असते. पण लग्नाला गाणं तर हवं. मग जिच्या अब्रूची कोणी मोजदादच केली नाही तिनं गावं. तिला स्वातंत्र्य मिळालं ते तिला कमी लेखल्यामुळे. इज्जतदार घरातल्या बाईला मान आहे पण आवाज नाही, हिला आवाज आहे पण मान नाही. दोघींचं कुलूप एकच आहे. एक दाराच्या आत, एक बाहेर.

इताब

या लग्नघरातूनच सौदीची पहिली मोठी गायिका आली. तिचं रंगमंचावरचं नाव इताब. खरं नाव तरूफ. जन्म रियाधचा, १९४७ चा. काळ्या घरातली. लहानपणापासून लग्नांत गायची. पुढे रेकॉर्ड निघाल्या आणि गायिका म्हणून ती अरब जगात पोचली. 'इताब' म्हणजे आपल्या माणसाला दिलेला लाडका ठपका. मराठीत 'रुसवा' म्हटलं तर जवळ जातं.

ती एकटी नव्हती. ताइफची अंध गायिका इब्तिसाम लुत्फी रेडिओवर गात होती, जेद्दाची तुहा होती. पण इताब उभी राहून, नाचून, प्रेक्षकांकडे बघून गायची. ते फार होतं. १९८० च्या आसपास ती इजिप्तला गेली आणि पुढचं आयुष्य तिथेच काढलं. ऑगस्ट २००७ मध्ये कैरोत कॅन्सरनं वारली.

आता शेजारी दुसरं चित्र ठेवा. तलाल मद्दाह हा सौदीचा थोर गायक ११ ऑगस्ट २००० रोजी अब्हा शहरात रंगमंचावर गाता गाता कोसळला. तो क्षण टीव्हीवर लोकांनी पाहिला, देश हळहळला. मला दोघांत उजवंडावं करायचं नाही, तलाल मद्दाह मोठाच होता. पण एकाचा मृत्यू स्वतःच्या देशाच्या रंगमंचावर आणि दुसरीचा परक्या शहरात, हा फरक नुसत्या योगायोगाचा नाही.

इताबचं सर्वांत गाजलेलं गाणं 'जानी अल-अस्मर'. त्या नावाचा अर्थ 'सावळा माझ्याकडे आला'. अरबी गाण्यांत 'अस्मर' हा प्रेमाचा शब्द आहे. सावळ्या प्रियकरावर शेकडो गाणी आहेत. रस्त्यावर मात्र त्याच रंगाची छटा जरा गडद झाली की 'अब्द' ऐकू येतं. गाण्यातला रंग वेगळा आणि जावयाचा रंग वेगळा.

मोडलेला चेहरा, झाकलेला चेहरा

इताब देश सोडून गेली त्याच सुमाराला देशाची हवा बदलली होती. टीव्ही सुरू झाला १९६५ मध्ये, राजे फैसल यांच्या आग्रहानं. त्याला एवढा विरोध झाला की टीव्हीविरोधी आंदोलनाच्या प्रकरणात राजघराण्यातलाच एक तरुण पोलिसांच्या गोळीनं मेला. १९७५ मध्ये राजे फैसल यांचा खून केला तो त्याच तरुणाच्या भावानं. मग २० नोव्हेंबर १९७९ ला जुहैमान अल-उतैबीच्या बंडखोरांनी मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली. टीव्हीवर बायका दिसतात ही त्यांची एक तक्रार होती. सरकारनं बंडखोर मारले आणि त्यांच्या बऱ्याचशा मागण्या मात्र अमलात आणल्या. बायका पडद्यावरून मागे हटवल्या गेल्या, सिनेमागृहं बंद झाली.

पण पडदा रिकामा राहत नाही. १९९१ मध्ये एमबीसी ही सौदी मालकीची वाहिनी लंडनहून सुरू झाली, मग बाकीच्या आल्या. पैसा सौदी, प्रेक्षक सौदी, आणि पडद्यावरच्या बायका लेबनानी, इजिप्शियन, सीरियन. जितकी गोरी तितकी वर. २००८ मध्ये 'नूर' ही तुर्की मालिका अरबीत आली तेव्हा संध्याकाळी रस्ते ओस पडत. ग्रँड मुफ्तींनी ती पाहू नये म्हणून सांगितलं, लोकांनी पाहिली. त्याच वर्षी न्यायखात्यातल्या एका वरिष्ठ धर्मपंडितांनी असल्या वाहिन्यांच्या मालकांना देहदंड देणं वैध ठरू शकतं असं म्हटलं. गोऱ्या परदेशी नायिकेचा भार असा सगळ्यांनी मिळून सोसला. आपल्या घरातली बाई झाकलेली राहिली की झालं!

या काळातल्या दोन सौदी बायकांची मी आठवण करून देते.

पहिली रानिया अल-बाज. सरकारी वाहिनीवर सकाळचा कार्यक्रम सादर करायची. डोक्यावर रंगीत रुमाल, चेहरा उघडा. लाखो लोकांना तो चेहरा ओळखीचा होता. एप्रिल २००४ मध्ये नवऱ्यानं तिला इतकं मारलं की चेहऱ्याची हाडं १३ ठिकाणी मोडली. ती वाचली. आणि तिनं एक गोष्ट केली जी तिच्या आधी तिथे कोणी केली नव्हती : सुजलेल्या, फुटलेल्या चेहऱ्याचे फोटो वर्तमानपत्रांना छापू दिले. नवऱ्याला तुरुंग आणि फटके अशी शिक्षा झाली. घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा यायला २०१३ साल लागलं, पण त्या देशात या विषयावर उघड बोलणं सुरू झालं ते त्या फोटोंपासून. ज्या चेहऱ्यानं तिला प्रसिद्धी दिली त्याच चेहऱ्याचा तिनं पुरावा केला.

दुसरी हिस्सा हिलाल. तिचा चेहरा कोणी पाहिलाच नाही. अबू धाबीच्या 'मिलियन्स पोएट' या टीव्ही स्पर्धेत २०१० मध्ये ती उतरली, आपादमस्तक काळ्या बुरख्यात, नुसते डोळे दिसत होते. आणि तिनं कविता म्हटली ती कर्मठ फतवे काढणाऱ्यांवर. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अंतिम फेरी गाठणारी ती पहिली बाई, आणि तिचा तिसरा क्रमांक आला. बुरख्यातली बाई म्हणजे मुकी बाई, हे समीकरण आपल्यातल्या पुष्कळ पुरोगाम्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हिस्सा हिलालनं ते एका रात्रीत खोडून काढलं. मुखपृष्ठावर हसणाऱ्या बाईपेक्षा ती कितीतरी जास्त 'दिसली'.

तिच्यानंतर दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, हैफा अल-मन्सूरनं 'वजदा' केला. सबंध सौदीत चित्रित झालेला हा पहिला कथापट. रियाधच्या रस्त्यांवर पुरुषांबरोबर उघड काम करता येत नव्हतं म्हणून ती व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून दिग्दर्शन करायची. सिनेमातल्या मुलीची मागणी एवढीच : मला सायकल हवी.

मक्केची मुलगी कोण?

मग २०१८ आलं. जानेवारीत बायका फुटबॉलच्या स्टेडियममध्ये गेल्या. १८ एप्रिलला ३५ हून अधिक वर्षांनी रियाधमध्ये व्यावसायिक सिनेमागृह उघडलं. २४ जूनला बायकांनी गाडी चालवली. मी तेव्हा तिथेच होते, आणि त्या दिवसांचा आनंद खरा होता हे मी आधी सांगते. माझ्या विद्यार्थिनी ड्रायव्हरसाठी ताटकळायच्या, त्या स्वतः गाडी घेऊन येऊ लागल्या. नोकरी करणाऱ्या सौदी बायकांचं प्रमाण पाच-सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झालं. याला नाकं मुरडणं हा दूर बसलेल्यांचा शौक आहे.

पण कोणाला दाखवलं जातंय तेही बघायला हवं. 'व्होग अरेबिया'च्या जून २०१८ च्या मुखपृष्ठावर उघड्या टपाच्या गाडीच्या स्टिअरिंगमागे एक राजकन्या बसली होती. गाडी चालवण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या लुजैन अल-हथलूल आणि तिच्या मैत्रिणींना त्याच्या आदल्याच महिन्यात अटक झाली होती. लुजैन सुटली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. लढली कोण आणि चेहरा कोणाचा!

आणि सिनेमागृह उघडलं तेव्हा पडद्यावर पहिला सिनेमा कोणता लागला? 'ब्लॅक पँथर'. काळ्या राजाची, काळ्या वीरांगनांची गोष्ट. निमंत्रित मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हॉलिवूडची काळी नायिका चालते. जानेवारी २०१९ मध्ये मारिया कॅरी येऊन गायली, तीही चालली.

आता तारीख लक्षात ठेवा : फेब्रुवारी २०२०. असायल नावाच्या एका तरुण सौदी मुलीनं यूट्यूबवर एक रॅप गाणं टाकलं, 'बिंत मक्का' म्हणजे मक्केची मुलगी. ती काळी, डोक्यावर रुमाल, एका कॅफेत मुलांच्या घोळक्यात गाते. शिवी नाही, अंगप्रदर्शन नाही. मक्केच्या मुली कशा धीट, देखण्या आणि बाकीच्यांपेक्षा भारी, एवढंच त्या गाण्यात आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या पोरानं कोल्हापूरचं कौतुक करावं तसं. थोड्याच दिवसांत मक्का प्रांताच्या राज्यपालांच्या कार्यालयानं जाहीर केलं की या गाण्यानं मक्केच्या लोकांच्या रूढी-परंपरांचा अपमान झाला आहे, संबंधितांना अटक करावी. गाणं यूट्यूबवरून गेलं. ट्विटरवर 'तुम्ही मक्केच्या मुली नव्हेत' या अर्थाचा हॅशटॅग चालला. त्याखाली तिला आफ्रिकेत परत जायला सांगणाऱ्यांची रांग लागली.

मैत्रिणींनो, इथे सगळे धागे एका गाठीत येतात. ती परदेशी असती तर पाहुणी ठरली असती. गोरी, खानदानी असती तर 'नव्या सौदीचा चेहरा' ठरली असती. ती पुरुष असती तर निदान तिच्या मक्केकर असण्यावर कोणी बोट ठेवलं नसतं. लग्नाच्या हॉलमध्ये, बंद दारामागे हेच गाणं तिनं डफावर म्हटलं असतं तर बायकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिचा गुन्हा एवढाच की ठरवून दिलेल्या खोलीतून ती बाहेर आली आणि म्हणाली, हे शहर माझं आहे. तेही अशा शहराबद्दल, जिथे शेकडो वर्षं सेनेगलपासून दिल्लीपर्यंतची माणसं येऊन मक्केकर झाली.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. नवल अल-हौसावी या काळ्या सौदी बाईंनी विमान चालवायचं शिक्षण घेतलंय. त्यांना एकीनं 'अब्दा' म्हटलं तेव्हा त्या कोर्टात गेल्या. त्या बाईनं माफी मागितल्यावर खटला मागे घेतला. इंटरनेटवर त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं गरळ ओकली गेली, तरी त्या बोलत राहिल्या. आणि २०१८ च्या रमजानमध्ये एका कुवेती विनोदी मालिकेत नटांनी तोंडाला काळं फासून सुदानी माणसांना आळशी दाखवलं, तेव्हा अरब प्रेक्षकांनीच एवढा गदारोळ केला की माफी मागावी लागली. पूर्वी असल्या गोष्टीला लोक नुसते हसत.

आपला सावळा, आपली सावळी

आता एवढा वेळ तुम्ही मान डोलावताय, म्हणून मी जरा घरात येते.

'ते काम त्यांचं' हे वाक्य मी रियाधला ऐकलं तेव्हा मला परकं वाटलं नाही. तमाशात नाचणारी बाई कोणत्या जातीची असायची? पवळा हिवरगावकर महार, तिच्या जोडीला पठ्ठे बापूराव ब्राह्मण. बापूरावांना वाळीत टाकलं गेलं कारण त्यांच्याकडे जात होती. पवळाकडे घालवायला काय होतं? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला आणि २००२ मध्ये त्या हलाखीत गेल्या. फड गाजवणाऱ्या बाईच्या दवाखान्याचा खर्च करायला महाराष्ट्राला जमलं नाही. लावणीवर मात्र आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात आपल्या मुली नाचतात, नऊवारी ऑनलाइन मागवून. नाच वर आला, नाचणारी खालीच राहिली.

रंगाचं म्हणाल तर आपला 'अस्मर' पंढरपूरला विटेवर उभा आहे. विठोबा सावळा, राम सावळा, कृष्ण तर नावानंच काळा. पण लग्नाच्या जाहिरातीत 'सावळी' हा शब्द 'परंतु'च्या आधी येतो. बालगीतातल्या दादालासुद्धा वहिनी गोरीच आणायची असते. सत्तरच्या दशकात स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली तेव्हा तो सावळा चेहरा घराघरांत गेला. पण तिच्यामागून किती जणी आल्या? २०१३ च्या 'फँड्री'तला जब्या शालूला मिळवायला काळी चिमणी शोधत रानोमाळ फिरतो. २०१६ मध्ये 'सैराट'नं अकलूजची रिंकू राजगुरू नायिका म्हणून दिली, तेव्हा महाराष्ट्र वेडा झाला. २०१८ मध्ये त्याचा हिंदी अवतार 'धडक' आला तेव्हा नायिका फिल्मी घराण्यातली गोरी मुलगी झाली आणि जात कुठल्या कुठे पुसट झाली. 'एस्क्रावा इसाउरा'पासून आपण फार लांब नाही. फेअरनेस क्रीम १९७५ मध्ये भारतात बाजारात आलं. २०२० मध्ये त्याच्या नावातला 'फेअर' गेला. ट्यूब तीच आहे. जेद्दाच्या दुकानातही ती पहिल्या फळीवरच असायची.

आणि 'हबशी' हा शब्द? मलिक अंबर इथिओपियातला. लहानपणी विकला गेला, अरबांच्या बाजारांतून बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानं वसवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. अरबस्तानातली गुलामगिरी हा आपल्यासाठी परका इतिहास नाही. त्याचा एक धागा नगर जिल्ह्यात आहे. तरीही आपण शाळेत 'हबशी' हा शब्द शिकलो तो राक्षसी देहाचं विशेषण म्हणून.

आपण कुठे बसतो?

आखातातल्या विनोदी मालिकांत 'हिंदी' नोकर हे ठरलेलं पात्र आहे : मोडकं अरबी, हलणारी मान. त्याच घरात शाहरुख खानचा फोटो असतो. २०२२ मध्ये जेद्दाच्या चित्रपट महोत्सवात त्याचा सत्कार झाला तेव्हा गर्दी आवरेना. पडद्यावरचा हिंदी पूज्य, दारातला हिंदी 'रफीक'. मला स्वतःला दुकानांत, दवाखान्यांत, कितीदा तरी "तुमच्या मॅडम कुठे आहेत?" असं विचारलं गेलं. साडी किंवा सलवार-कमीझमधली सावळी बाई म्हणजे कोणाची तरी मोलकरीण, हा हिशेब पक्का. मी चिडायचे ते मला मोलकरीण समजल्याबद्दल नाही. मोलकरणीशी ज्या आवाजात बोललं जातं तो आवाज मला त्या क्षणी ऐकू यायचा, म्हणून चिडायचे. श्रीलंकेच्या, इथिओपियाच्या त्या बाया तो आवाज रोज ऐकतात.

आपण प्रवासी व्यावसायिक मंडळी मधल्या पायरीवर बसलोय. वरचा आपल्याला 'हिंदी' म्हणतो ते झोंबतं. पण न्यू जर्सीपासून दुबईपर्यंतच्या मराठी पार्ट्यांत काळ्या लोकांना आपण काय म्हणतो, मुलीनं काळा मुलगा आणला तर काय होईल यावर कसे विनोद होतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मराठीत बोलल्यामुळे ते कोणाला कळत नाही, अशी आपली समजूत असते. मुलांना नीट कळतं.

मी विज्ञानातली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते नमुना कसा रंगवला यावर अवलंबून असतं, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. जो जीवाणू रंग धरत नाही तो नसतो असं नाही. तो फक्त दिसत नाही. माध्यमं असाच एक रंग वापरतात. म्हणून 'आपल्याकडे आता बायका सगळीकडे दिसतात' असं कोणी म्हटलं, मग ते सौदीत असो, मुंबईत असो की आपल्या मंडळाच्या स्टेजवर, तर तीन साधे प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. कोणत्या बायका? कोणाच्या परवानगीनं? आणि त्यांच्यापैकी एखादी उद्या ठरलेल्या ओळीबाहेर बोलली तर तिच्या बाजूनं कोण उभं राहील?

असायलच्या बाजूनं तिच्या देशातले काही जण उभे राहिले, नावानिशी, जोखीम पत्करून. आपल्याला कसलीच जोखीम नाही. पुढच्या वेळी जेवणाच्या टेबलावर तो नेहमीचा विनोद होईल तेव्हा न हसणं, आणि का हसलो नाही ते मराठीतच, मुलांच्या देखत सांगणं, एवढं तर आपण करू शकतो. मंडळाच्या कार्यक्रमात लावणी ठेवायची असेल तर विठाबाईंचं नाव घेऊन, त्यांची पूर्ण हकीकत सांगून ठेवू.

माझं बोलणं इथे थांबवते. तुमच्यापैकी अनेकांनी आखातात वर्षं काढली आहेत, काहींनी माझ्याहून जास्त. मी पाहिलं त्याच्यापेक्षा वेगळं तुम्ही पाहिलं असेल तर आता तेच ऐकायला आवडेल.